चौथा भिडू शेजारच्या तंबूत सापडतो: फॅमिली कॅम्पिंगला ओळखी कशा करायच्या

मेंढीकोटला चार जण लागतात. आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो तेव्हा पत्ते खेळणारे आमच्यात तीनच होतो, सासूबाई, नवरा आणि मी, पोरं दोन्ही लहान, लेक नऊ वर्षांची आणि धाकटा पाच. संध्याकाळी सहाच्या सुमारास सासूबाई सतरंजीवर पत्ते पिसत बसल्या होत्या आणि पलीकडच्या तंबूबाहेर एक काकू खुर्ची टाकून धरणाकडे बघत बसलेल्या, तर सासूबाईंनी तिथूनच हाक मारली, "अहो, मेंढीकोट येतो का तुम्हाला? आम्हाला एक भिडू कमी पडतोय." काकू उठल्याच लगेच, चपला सतरंजीबाहेर काढल्या, सासूबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या वाटा पानं. जेवणाची हाक येईपर्यंत त्या दोघींनी आमच्यावर दोन वेळा कोट लावला, चारही दश्श्या उचलून.

त्या काकू सिन्नरच्या. काका एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेत, सोबत मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. आज त्यांच्याकडचं कार्य आमच्याशिवाय होत नाही आणि आमच्याकडचं त्यांच्याशिवाय होत नाही, आणि हे सगळं एका कमी पडलेल्या भिडूवरून सुरू झालं. तेव्हापासून मी बाकीच्या ट्रिपांमध्ये पण नीट लक्ष देऊन बघतेय की ओळख नक्की कुठे होते आणि कुठे राहून जाते, कारण मला मनापासून वाटतं की पोरांना घेऊन एवढं लांब जायचं, तंबूत झोपायचं आणि दहा पावलांवरच्या माणसांशी न बोलता परत यायचं म्हणजे अर्धी ट्रिप वाया घालवणं आहे. म्हणून जे जमलं ते लिहितेय, ज्यांना आपणहून बोलायला अवघड वाटतं त्यांच्यासाठी खास.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. काहीतरी मागा. आपण कॅम्पिंगला निघताना सगळं कसं भरून घेतो, मीठ, काडेपेटी, सुतळी, टॉर्च, जास्तीचे सेल, म्हणजे कुणाकडे हात पसरायची वेळच यायला नको. सामानाच्या दृष्टीने बरोबर आहे पण ओळखीच्या दृष्टीने तोच अडसर होतो. माझं लहानपण चाळीत गेलं, तिथे विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं हे आमचं लहान मुलांचं कामच होतं आणि ती वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आजीने शंभरदा सांगितलेलं. निम्म्या चाळीशी आमची ओळख त्या वाटीमुळे होती. तंबूंच्या रांगेत पण हेच चालतं. मदत करायला गेलात तर समोरचा कधीकधी संकोचतो, नाही नाही म्हणतो, पण त्याच्याकडे छोटंसं काही मागितलंत तर तो खुलतो, कारण त्याला देता येतं. मागायची गोष्ट मात्र छोटी हवी आणि लगेच परत करता येईल अशी, हातोडी, सुरी, लायटर, दोरीचा तुकडा. पॉवर बँक मागू नका, ती प्रत्येकाला स्वतःलाच लागते आणि नाही म्हणायला लावून उगाच अवघडल्यासारखं होतं.

आमचं त्याच दिवशी दुसरं मागणं झालं ते तंबूचं. तंबू आमचा स्वतःचा होता. पावसाच्या आधीचा वारा धरणावरून कसा येतो हे तिथे गेलेल्यांना माहितीये, एकदम घुसतो. आमच्या तंबूचं वरचं कापड फडफडायला लागलं, जमीन मुरमाड, खुंट्या अर्ध्याच आत जाऊन वाकायला लागल्या. नवरा काकांकडे हातोडी मागायला गेला तर काका हातोडी घेऊन स्वतःच आले. आधी म्हणाले खुंटी सरळ उभी मारू नका, तंबूपासून बाहेरच्या बाजूला डोकं कलतं ठेवून तिरकी मारा म्हणजे दोरी ओढली की ती अजून रुतते, आणि वर एक जड दगड ठेवा. मग दोरीची गाठ दाखवली, पूर्वी एसटीच्या टपावर सामान आवळायचे तशी, म्हणजे दोरीच्या मध्येच एक फास करायचा, मोकळं टोक खुंटीला वळसा घालून परत त्या फासातून काढायचं आणि खाली खेचायचं, कमी जोरात दोरी जास्त घट्ट ताणली जाते आणि बोटाने सोडवली की पटकन सुटते. लेक बाजूला उकिडवी बसून बघत होती, काकांनी तिच्याकडून चार वेळा करून घेतली ती गाठ. आता आमच्याकडे तंबू तीच बांधते. पैसे टाकून हे शिकायला मिळालं असतं का, मला नाही वाटत.

आता जागा आणि दिवस कसा निवडायचा, कारण सगळीकडे ओळखी होत नाहीत. आम्ही एकदा एका तलावाकाठी शनिवारी गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे एकाच मैदानात तंबूच तंबू, मधोमध मोठे स्पीकर, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहे तरी बारापर्यंत चालू. शेजारच्याचं नाव विचारायचं तर कानात ओरडावं लागत होतं. सकाळी सगळे झोपेने बेजार, पोहे खाऊन गाड्या काढून पसार. तेव्हापासून बुक करताना आम्ही फोनवर तीनच गोष्टी विचारतो, एकूण तंबू किती, म्युझिक किती वाजता बंद होतं, आणि त्या रात्री अजून कुणी फॅमिली आहेत का. दहा-पंधरा तंबू, बुधवार-गुरुवारची रात्र आणि दोन मुक्काम, हे जमलं तर सगळ्यात उत्तम. एका मुक्कामात काय होतं, चारला पोचा, चहा-भजी, शेकोटी, जेवण, झोप, सकाळी नाश्ता आणि अकराला जागा सोडा. ओळख मुरायला दुसरा दिवस लागतोच.

भंडारदरा मला याच्यासाठी फार आवडतं. अकोले तालुका, प्रवरेवरचं विल्सन धरण, १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पूर्ण झालेलं, आणि त्याच्या पाण्याच्या कडेकडेने शेंडीपासून रतनवाडीपर्यंत वस्त्या आणि कॅम्प. मुंबई-नाशिक हायवेवर घोटीला वळलं की पुढे बारीवरून कळसूबाई दिसायला लागतं, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे गाडीतली पोरं पण मोबाईलमधून मान वर काढतात. काजवे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जोराचा पाऊस लागला की संपलं. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की हेडलाइटच्या उजेडात काजवे दिसतच नाहीत, त्यामुळे पुन्हा तेच, मधले वार धरा. अजून एक फायदा म्हणजे रतनवाडी-साम्रदकडे गेलं की फोनची रेंज जाते येते. मला ते वरदान वाटतं, रेंज गेली की माणसं मान वर करून आजूबाजूला बघतात.

तंबू स्वतःचा लावणार असाल तर तोंड कुठे करताय ते बघा. शेजारच्या तंबूकडे पाठ करून लावलात तर दिवसभर तुमचं तोंड त्यांना दिसत नाही, आणि त्यांच्या दारासमोर दार केलंत तर त्यांना कपडे बदलायची पंचाईत. थोडं तिरकं, आठ-दहा पावलं सोडून, आणि तुमचा चुलीचा किंवा स्टोव्हचा कोपरा दोघांच्या मधल्या बाजूला. स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं, "काय करताय?" एवढं पुरतं.

पहिलं वाक्य काय बोलायचं याची लोकांना फार काळजी असते. रस्त्याबद्दल बोला. "घोटीकडनं आलात का, घाटात ट्रॅफिक लागलं का?" रस्त्याबद्दल प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच आणि त्यात कुणाचं खासगी काही नसतं. किंवा मग चहा, "मी चहा टाकतेय, दोन कप जास्तीचे टाकू का?" हे वाक्य माझं कधीच वाया गेलेलं नाही. नाही म्हणाले तरी ओळखीचं हसू सुरू होतं. मात्र आडनाव विचारू नका. आपल्याकडे "आडनाव काय?" आणि लगेच "म्हणजे मूळचे कुठले?" याच्यामागे काय शोधायचं असतं ते सगळ्यांना कळतं, आणि ज्याला ते आयुष्यभर ऐकावं लागलंय त्याचा चेहरा तिथेच मिटतो, मी बघितलंय हे, आमच्याच ग्रुपमधल्या एकाने विचारलं आणि छान रंगलेल्या गप्पा तिथे संपल्या, मला अजून वाईट वाटतं. नाव पुरे. काका, काकू, मावशी, दादा, ताई, एवढं असलं की हाक मारता येते, आडनाव यायचं तेव्हा आपोआप येतं. पगार, नोकरी, "पोरं का नाहीत अजून", हे पण नको.

पोरांचं आपण काही करावं लागत नाही, फक्त खेळ असा न्यायचा ज्याला जास्त भिडू लागतात. बॅडमिंटनला दोघं पुरतात, म्हणून मी ते नेत नाही. लगोरी न्या, म्हणजे खरं तर फक्त बॉल न्या, धरणाच्या कडेला चपटे दगड पाहिजे तेवढे मिळतात, सात रचले की अर्ध्या तासात आजूबाजूच्या तंबूंतली पोरं गोळा होतात आणि पोरांच्या मागोमाग आई-बाप येतातच. मोठ्या पोरांना, म्हणजे बारा-तेराच्या पुढच्या, लगोरीची लाज वाटते, त्यांना शेकोटीची लाकडं लावायचं किंवा अंताक्षरीचे मार्क लिहायचं काम द्या. काळोख झाल्यावर आंधळी कोशिंबीर, पकडापकडी अजिबात नको, तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकून पोरं तोंडावर आपटतात. दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधून ठेवा, स्वतःच्याही आणि विचारून शेजारच्यांच्याही, यावरून पण मी दोनदा बोलणं काढलंय.

आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका, हात जोडून सांगते. लोकांना वाटतं त्यांना झेपणार नाही, खाली झोपता येणार नाही, पण जाड गादी, एक घडीची खुर्ची आणि बाथरूमच्या जवळचा तंबू एवढं बघितलं की झालं. आपल्या वयाची माणसं संकोच करत बसतात, आपण कसे दिसतोय, त्यांना आवडेल का, आणि सासूबाई तिथे बसल्या बसल्या तीन तंबूंची माहिती काढतात. त्यांच्या पिढीला अनोळखी माणसाशी बोलायला कारण लागत नाही. आणि त्यांचं पण भलं होतं, गेल्या चार वर्षांत, सासरे गेल्यापासून, सासूबाईंना घरात एवढं मोकळं हसताना मी क्वचित बघितलंय, ते त्या सतरंजीवर बघितलं.

खाण्याचं. कॅम्पवर जेवण मिळतं तरी एक डबा घरचा हवा, टिकणारा आणि हातात धरून खाता येणारा. आमच्याकडे दशम्या ठरलेल्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या पण चालतात. द्यायच्या आधी विचारायचं मात्र, "आज उपास-बिपास नाही ना?" चतुर्थी-एकादशी असेल तर म्हणून मी राजगिऱ्याचे लाडू ठेवतेच. आणि बार्बेक्यू एकत्र असेल तर चिमटे दोन ठेवा, पनीरचा वेगळा आणि चिकनचा वेगळा, सांगायला लावू नका, समोरच्याला आपणहून केलेलं फार लक्षात राहतं. डबा डिस्पोजेबल नको, घरचा स्टीलचा द्या. म्हणजे तो परत येतो. सिन्नरच्या काकूंना रात्री मी दशम्यांचा डबा दिला, तो सकाळी नातू घेऊन आला तर आत करवंदं, ओली, दव असलेली, काका पहाटे पाचला फिरायला गेले होते तेव्हा त्यांनी जाळीतून काढलेली. सासूबाई म्हणाल्या, बघ, वाटी रिकामी नाही आली.

काजव्यांची रात्र स्वतंत्र सांगते कारण तिथे वेगळी रीत आहे. तिथे बोलायचंच नाही. नर काजवा मादीला खूण म्हणून चमकतो, टॉर्चच्या, गाडीच्या उजेडात त्यांचा सगळा गोंधळ होतो, आणि मोठा झाल्यावर तो जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यामुळे आपण उजेड मारला की त्याच्या आयुष्यातली रात्र खातो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते बसतात. चालायला उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबराने लावा आणि जमिनीकडे धरा. आम्ही एक कागद जास्त नेला होता, तो काकांच्या टॉर्चला लावला, आणि दोन्ही घरं एकामागोमाग एक पायवाटेने निघालो, पोरं मध्ये. एका वळणावर काका थांबले. समोर एक झाड होतं, पूर्ण काळं, आणि मग ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटलं, विझलं, परत पेटलं, सगळे काजवे एकाच लयीत. कुणी काही बोललं नाही. माझ्या लेकीने नातवाचा हात धरलेला मला त्या उजेडात दिसला, मग अंधार, मग परत दिसला. दहा मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. परत येताना काकू माझ्या दंडाला धरून चालत होत्या आणि "काकू" म्हणताना त्या मला परक्या वाटत नव्हत्या.

गावातल्या माणसांना विसरू नका, खरं तर शेजारच्या तंबूपेक्षा तिथे जास्त ओळख होऊ शकते. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, कॅम्पवरचं जेवण बऱ्याचदा गावातल्या बायकाच करतात. दुपारी काम कमी असतं तेव्हा चुलीपाशी जाऊन बसा आणि परत तेच, मागा, "मावशी, नागलीची भाकरी शिकवता का?" माझी पहिली भाकरी तुटली कारण मी पीठ गार पाण्यात भिजवलं होतं, मावशींनी उकळतं पाणी घालून मळायला लावलं, मग थापली गेली. त्यांच्याकडनं मी आता दरवर्षी तांदूळ आणि नागली मागवते, त्या सांगतील त्या भावाने. घासाघीस करू नका, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि पोरांच्या हातात चॉकलेटं वाटत फिरू नका. त्यांची पोरं तुमच्या पोरांसोबत लगोरीला येतील, तेच बरोबर आहे. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघायला गेलात तर गावातल्याच कुणाला सोबत घ्या, पुष्करणीजवळ बसून ते जे सांगतात ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता सावधगिरी, कारण पोरं सोबत असतात. ओळख कितीही छान झाली तरी पहिल्या मुक्कामाला पोरांना दुसऱ्यांच्या तंबूत एकटं पाठवायचं नाही, खेळ सगळ्यांना दिसेल अशा उघड्यावर. पाण्यात नाही म्हणजे नाही, धरणाची कड एकदम खोल होते आणि नवीन मित्रांच्या नादात पोरं पुढे जातात, एक मोठा माणूस पाण्याकडे तोंड करून बसलाच पाहिजे, दोन्ही घरांनी पाळ्या लावा. पिणाऱ्यांचा ग्रुप शेजारी असेल आणि आवाज चढायला लागला तर ओळखीच्या भानगडीत न पडता कॅम्पवाल्याला सांगून तंबू हलवून घ्या. आणि काही जण खरंच शांत बसायलाच आलेले असतात, नवरा-बायको दोघंच, किंवा कुणी नुकतंच घरातलं माणूस गमावलेलं. दोनदा तुटक उत्तर आलं की मान हलवून परत फिरायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. सकाळी एक कप चहा विचारला तरी पुष्कळ.

निघताना नंबर घ्यायचा राहून जातो, हे सगळ्यात जास्त वेळा होतं. कुणीतरी म्हणतं घरी गेल्यावर बोलू, आणि नाव माहिती असतं फक्त "तो निळा तंबू". रेंज नसते, फोन उतरलेला असतो, म्हणून छोटी वही आणि पेन ठेवा आणि नाष्ट्याच्या वेळीच, सामान आवरायच्या आधी, एकमेकांच्या हाताने लिहून घ्या. घरी पोचल्यावर दोन दिवसांत त्यांचे फोटो त्यांना पाठवा, तुमचे नाही, त्यांचे, आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये दुसऱ्याच्या पोराचा एखादा सुंदर फोटो चुकून आलेला असतो. मी काका दोरी बांधताना लेक बघतेय तो फोटो पाठवला होता, काकूंनी तो फ्रेम करून लावलाय. लगेच व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, सुप्रभातच्या मेसेजमध्ये दोन महिन्यांत ओळख बुडते. त्यापेक्षा एक तारीख ठरवा. आम्ही कोजागिरी ठरवली होती, ते डोंबिवलीला आले, गच्चीवर दूध आटवलं, आणि अर्थातच सतरंजी टाकली.

तेव्हा काकांनाही खेळायचं होतं आणि सूनबाईंनाही, म्हणजे आम्ही सहा झालो. सहा जणांना चालतो मेंढीकोट. चारही दुर्र्या काढून बाजूला ठेवायच्या, प्रत्येकाला आठ पानं येतात, आणि तीन-तीनच्या जोड्या एक आड एक बसवायच्या.